एनएस शॉर्ट, पावसाळा तोंडावर: बाटली कुठे वाचवायची आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात ३० खाटांचे रुग्णालय आहे. स्टॉकिस्ट (घाऊक औषध विक्रेता) मागितलेल्या एनएसच्या (साध्या मिठाच्या सलाईनच्या) निम्म्याच बाटल्या देतो. आरएल (रिंगर लॅक्टेट, अनेक क्षार असलेले सलाईन) मिळते, डीएनएस (साखर घातलेले एनएस) हवे तेवढे आहे. एनएसच्या जागी काय लावायचे, आणि पुरासाठी किती साठा करून ठेवायचा?

एनएसच्या जागी काय, हे ठरवण्याआधी एनएस जाते कुठे ते बघा. सात दिवस नर्सिंग स्टेशनवर एक साधा तक्ता लावा. बाटली फोडली की सिस्टरने त्यावर एक रेघ ओढायची. खाने पाच: रुग्णात पाणी भरायला, शीर चालू ठेवायला, औषध मिसळायला, फ्लशला (शिरेतली नळी मोकळी राहावी म्हणून थोडे ढकलायला), जखमा वगैरे धुवायला. सोबत किती मिली उरून फेकले तेही लिहायचे. बहुतेक ठिकाणी पहिल्या खान्यापेक्षा उरलेल्या चार खान्यांची बेरीज मोठी निघते. खऱ्या आजारी माणसाला पाणी म्हणून जाणाऱ्या बाटल्या कमी आणि औषधाचे वाहन किंवा सवय म्हणून जाणाऱ्या जास्त, असे चित्र दिसते. कात्री लावायची ती या चार खान्यांना. पहिल्या खान्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

सगळ्यात सोपी बचत शीर चालू ठेवण्यात आहे. तासाला २० मिलीने, म्हणजे २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला सहा-सात थेंबांनी, बाटली लटकत राहिली तर दिवसाला ४८० मिली जातात. रुग्णामागे रोज एक बाटली, आणि तिचा उपयोग जवळपास शून्य. खाता-पिता रुग्ण असेल आणि शीर फक्त इंजेक्शनसाठी हवी असेल तर शिरेतल्या नळीला टोपण लावून ती बंद, म्हणजे लॉक, करून ठेवा. प्रत्येक औषधानंतर ५ मिली एनएसने फ्लश, औषध नसेल तर दर ८ ते १२ तासांनी एकदा. हाताच्या शिरेला हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) गरज नाही, एनएस पुरते. अशा दहा रुग्णांच्या बाटल्या उतरवल्या की रोज दहा बाटल्या हाताशी उरतात.

फ्लश मात्र १० मिलीच्या अँप्यूलमधून काढा. ५०० मिलीची बाटली ट्रॉलीवर फोडून ठेवायची, तिच्या बुचात सुई खोचलेली, आणि दिवसभर सगळ्या वॉर्डला त्यातून सिरिंज भरायची, ही पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. तुटवड्यात ती ‘काटकसर’ म्हणून आणखी फोफावते. एका दूषित बाटलीतून अख्ख्या वॉर्डला थंडी वाजून ताप येतो तो असाच. एका रुग्णाची बाटली त्याच रुग्णाची. उरली तर फेकायची, दुसऱ्याला लावायची नाही. कमी फेकावे लागावे म्हणून सुरुवातीलाच योग्य मापाची बाटली निवडा. हवा जावी म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीला वरून सुई टोचणेही बंद करा. बाटली स्वतः आकसणारी असेल तर त्याची गरजच नसते, नसेल तर फिल्टर असलेल्या एअर व्हेंटचा सेट घ्या.

दुसरी मोठी बचत औषध मिसळण्यात. १०० मिलीच्या एनएसमध्ये सगळी अँटिबायोटिक्स टाकून सोडायची सवय सोयीतून आली आहे, प्रत्येक औषधाला तिची गरज नाही. दहा रुग्णांना दिवसातून तीनदा म्हटले तरी ३० बाटल्या होतात. मोठ्या माणसात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅम १० मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवून ४-५ मिनिटांत सावकाश देता येते. सेफोटॅक्सिम १ ग्रॅमही तसेच, मेरोपेनेम १ ग्रॅम २० मिलीत पाच मिनिटांत. पॅन्टोप्रॅझोल ४० मिग्रॅला १० मिली एनएस आणि किमान दोन मिनिटे पुरतात. ऑन्डान्सेट्रॉन तर सरळ सावकाश देता येते. अडचण एकच: सिस्टरला पाच मिनिटे उभे राहावे लागते. दोन वॉर्डांना मिळून एकच सिस्टर असेल तर ती पाच मिनिटांचे औषध तीस सेकंदांत ढकलेल. म्हणून पुशची (सिरिंजने थेट शिरेत द्यायच्या औषधांची) यादी छापताना प्रत्येक औषधासमोर मिनिटे लिहा आणि रात्रपाळीत ही यादी खरोखर पाळता येईल का, हे सिस्टरांनाच विचारा. जमत नसेल तर रात्रीच्या डोसपुरत्या बाटल्या ठेवा. त्यात कमीपणा नाही.

पुश कधीच करायचे नाही अशी औषधे त्याच कागदावर लाल अक्षरांत हवीत. पोटॅशियम क्लोराईड पहिले. थेट ढकलले तर हृदय थांबते. व्हॅन्कोमायसिन मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा वेगाने जाता कामा नये, म्हणजे १ ग्रॅमला शंभर मिनिटे आणि किमान २०० मिली द्रव.

पण तो द्रव एनएसच हवा असे नाही. व्हॅन्कोमायसिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि डोपामिन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये चालतात. अ‍ॅमिओडॅरोन आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी यांना तर डेक्स्ट्रोजच लागते. सापाच्या विषावरची लसही एनएस किंवा डेक्स्ट्रोज, दोन्हींत देता येते; पुराच्या दिवसांत साप घरात शिरतात तेव्हा हे लक्षात असू द्या. उलट फेनिटॉइन फक्त एनएसमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे स्फटिक होतात. अ‍ॅम्पिसिलिन आणि अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह डेक्स्ट्रोजमध्ये टिकत नाहीत. ही विभागणी एकदा करून फार्मसीच्या खिडकीवर चिकटवली की निम्मे फोन कमी होतील.

धुण्याचा खाना पाहून बऱ्याच जणांना धक्का बसतो. साध्या जखमा, खरचटणे, मधुमेही पायाचे ड्रेसिंग यांना पिण्यायोग्य स्वच्छ पाणी चालते. पुरात नळाच्या पाण्याची खात्री नसेल तेव्हा उकळून गार केलेले. शिरेतून द्यायच्या बाटल्या त्यावर ओतणे ही उधळपट्टी आहे. उघडे हाड, उघडा सांधा आणि शस्त्रक्रियेचे टेबल यांना मात्र निर्जंतुकच द्रव हवा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया सगळ्यात जास्त पितात. प्रोस्टेटची एक किंवा मोठ्या मूतखड्याची एक शस्त्रक्रिया दहा-पंधरा लिटर सहज नेते. तातडीची नसेल तर ती पुढे ढकला. वॉर्डात आठवडाभर काटकसर करून जे वाचते ते एका सकाळी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाते, आणि सर्जनना हे सांगायला कोणी तयार नसते.

आता बदली. पाणी भरायचे असेल, म्हणजे जुलाब, ताप, साधी शस्त्रक्रिया, सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग), बाळंतपण, भाजणे, तर आरएल हीच पहिली निवड असावी, तुटवडा नसतानाही. ०.९ टक्के एनएसच्या लिटरमध्ये सोडियम १५४ आणि क्लोराईडही १५४ मिलिमोल असते. रक्तात क्लोराईड साधारण १०० असते. दोन-तीन लिटर एनएस गेले की क्लोराईड चढते आणि रक्त आम्लाकडे झुकते. आरएलमध्ये सोडियम १३० च्या आसपास, क्लोराईड ११० च्या आसपास, पोटॅशियम ४ ते ५, थोडे कॅल्शियम आणि लॅक्टेट. ‘किडनीचा पेशंट आहे, आरएल नको, पोटॅशियम वाढेल’ हे वाक्य रोज ऐकू येते. लिटरमागे ४-५ मिलिमोल म्हणजे रक्तात असते तेवढेच. त्याने पोटॅशियम धोक्याला जात नाही. उलट आम्लता वाढवून एनएसच पोटॅशियम पेशींबाहेर ढकलते. किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांत हे तपासून पाहिले गेले आहे. मधुमेहींनाही आरएल चालते, त्यात साखर नाही.

मग एनएस कोणासाठी राखायचे? रक्त चढवताना त्याच नळीतून फक्त एनएस. आरएलमधले कॅल्शियम पिशवीतल्या सायट्रेटला निष्प्रभ करून गाठी करते. डोक्याला मार किंवा मेंदूला सूज असेल तर एनएस, कारण आरएल रक्तापेक्षा किंचित पातळ आहे. सतत उलट्यांनी क्लोराईड गेलेला रुग्ण, सोडियम खाली आलेला, कॅल्शियम वाढलेला, फेनिटॉइन आणि अ‍ॅम्पिसिलिन. डायलिसिस असेल तर प्रत्येक सत्राला नळ्या भरायला आणि शेवटी रक्त परत द्यायला मिळून लिटर-दीड लिटर धरा, ते कापू नका. एवढ्यासाठी लागणारा रोजचा आकडा काढा आणि तितक्या बाटल्या वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा. चावी ड्यूटीवरच्या डॉक्टरकडे.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि आरएल यांचे जुळत नाही: कॅल्शियमशी संयोग होऊन साका बसतो. मोठ्यांत दोन्ही लागोपाठ द्यायची तर मध्ये नळी नीट फ्लश करा, थ्री-वेमधून (तीन तोंडांच्या जोडणीतून) एकत्र सोडू नका. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला ही जोडी द्यायचीच नाही, वेगळ्या हातातूनही नाही. आरएलकडे वळताना हा अपघात सगळ्यात आधी होतो, कारण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सगळ्यांनाच चालू असते.

‘डीएनएस भरपूर आहे’ हा मोह आहे. त्यात मीठ एनएसइतकेच, पण ५०० मिलीत २५ ग्रॅम साखर. तोंडाने काही न घेणाऱ्याला रोजची गरज म्हणून ते ठीक. शॉकमध्ये भराभर सोडायला नाही: रक्तातली साखर उसळते, ती लघवीतून पाणी ओढून नेते, आणि लघवी छान होतेय म्हणून आपण निर्धास्त राहतो. साधे ५ टक्के डेक्स्ट्रोज तर शॉकमध्ये निरुपयोगीच. साखर जळून गेली की उरते नुसते पाणी, आणि लिटरमधले जेमतेम ८० मिली रक्तवाहिन्यांत राहते. बाकीचे पेशींत शिरते, मेंदूच्याही.

मुलांना मात्र डीएनएस कामाला येते. महिन्यावरच्या मुलाच्या रोजच्या गरजेला डीएनएसच्या ५०० मिलीत १० मिलिमोल पोटॅशियम, म्हणजे १५ टक्के केसीएलचे (पोटॅशियम क्लोराईडचे) ५ मिली, घालून चांगला द्रव तयार होतो. लघवी होते आहे याची खात्री झाल्यावरच घाला आणि बाटली नीट उलटसुलट हलवा. न हलवता लावली तर पोटॅशियम तळाशी राहून पहिल्यांदा तेच जाते. सवयीने लावला जाणारा आयसोलाइट पी (मुलांसाठीचा तयार सलाईनचा प्रकार) सोडियमला फार हलका आहे. न्यूमोनिया किंवा मेंदूज्वराच्या मुलाला तो दिला तर सोडियम उतरून झटके येऊ शकतात. नवजात बाळांचे गणित वेगळे, ते बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावे.

सगळ्यात स्वस्त बदली तोंडातून जाते. १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट जात होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटे करून नातेवाइकांच्या हातात दिली. मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला. ओआरएसचा हा पुरावाच मुळी तुटवड्यातून आला, म्हणून ‘सलाईन नाही तर निदान ओआरएस द्या’ हा सूर चुकीचा आहे. मध्यम निर्जलीकरणात ओआरएसच पहिला. आजचे पाकीट २०.५ ग्रॅमचे, एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचे. ‘अर्ध्या पाकिटाला एक पेला’ असला हिशेब नको. चार तासांत किलोला ७५ मिली, म्हणजे १० किलोच्या मुलाला ७५० मिली. मोठ्यांना त्याच वेळात सव्वादोन ते चार लिटर. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, दर एक-दोन मिनिटांनी चमचाभर. जुलाबाच्या वॉर्डात एका मावशींना फक्त पेले भरून पाजायचे काम द्या. एवढ्या एका बदलाने बाटल्या वाचतात.

शॉक, बेशुद्धी, आतडी थंड पडलेली, पोट फुगलेले, यांत ओआरएस नाही. तीव्र निर्जलीकरणाला किलोला १०० मिली आरएल: वर्षावरच्यांना पहिले ३० मिली अर्ध्या तासात, उरलेले ७० अडीच तासांत. वर्षाखालच्यांना हेच १ तास आणि ५ तास. ५० किलोच्या माणसाला तीन तासांत पाच लिटर, दहा बाटल्या. एवढ्या बघून हात आखडतो, पण इथे आखडायचा नाही. तसेच शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ३० टक्के भाजलेला ६० किलोचा कामगार: वजनाच्या दर किलोला आणि भाजलेल्या दर टक्क्याला २ ते ४ मिली, म्हणजे २४ तासांत ३.६ ते ७.२ लिटर, त्यातले निम्मे भाजल्यापासूनच्या पहिल्या आठ तासांत. तुमच्याकडे पोहोचल्यापासूनचे नव्हे. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली मिळते का, हे पाहून वेग कमी-जास्त करायचा.

डेंगी आणि लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या दूषित पाण्यातून होणारा ताप) उलटी चूक होते. प्लेटलेट उतरल्या की बाटल्या वाढवायच्या, ही रीत चुकीची. धोक्याची लक्षणे असलेल्या डेंगीत किलोला तासाला ५ ते ७ मिली एक-दोन तास, मग ३ ते ५, मग २ ते ३, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) पाहत उतरायचे. बहुतेकांना २४ ते ४८ तासांपुरतेच लागते. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. तिथे जास्तीची बाटली जीव घेते. तोंडाने पिऊ शकणाऱ्या डेंगीच्या रुग्णाला पाजा.

शस्त्रक्रियेआधी ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको’ सांगायचे आणि सकाळी अकराला कोरडा पडला म्हणून बाटली लावायची, हेही थांबवा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत घन आहार सहा तास बंद, पण पाणी आणि कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा नाही. आतड्यात अडथळा असलेले, तातडीचे आणि प्रसूतीतले रुग्ण यातून वगळा.

‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचे? खरे तेच. एनएसच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी आहे, ताकद शून्य. डेक्स्ट्रोजच्या बाटलीत जेमतेम शंभर कॅलरी, एका भाकरीतही जास्त असतात. केसपेपरवर बाटलीचे कारण लिहायची सक्ती केली की या बाटल्या आपोआप कमी होतात.

आता साठा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली होती. तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा. शिरोळ तर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, कोल्हापुरातला स्टॉकिस्ट हात वर करतो तेव्हा तुमच्याकडे होडीच येते. म्हणून सात दिवस रस्ता बंद, सात दिवस घडी बसायला, असे १४ दिवस धरा आणि पाणी ओसरल्यावरच्या जुलाब-लेप्टोसाठी निम्मे आणखी. समजा आरएल रोज २० बाटल्या लागतात: १४ दिवसांच्या २८०, अधिक १४०, एकूण ४२०. एनएसचे गणित तक्ता लावून काटछाट केल्यानंतरच्या आकड्यावर करा, आजच्या वापरावर नको. मागणी मेअखेर द्या. पाणी ३९ फुटांवर आले की मागणी द्यायची वेळ गेलेली असते. त्या दिवशी फक्त मोजदाद करायची. आयव्ही सेट, व्हेनफ्लॉन (शिरेत घालून ठेवायची बारीक नळी), स्टराइल वॉटर आणि ओआरएसची पाकिटे त्याच प्रमाणात वाढवा. बाटल्या आहेत पण सेट संपले, असे होते.

स्टॉकिस्ट साठा का करत नाही, हेही समजून घ्या. माल जड, किंमत सरकारने बांधलेली, नफा थोडा आणि गोडाऊन भरून जाते. ५०० मिलीच्या ४२० बाटल्यांचे नुसते पाणीच २१० किलो. म्हणून दोन स्टॉकिस्ट आणि दोन वेगळ्या कंपन्या ठेवा. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातला एक कारखाना बुडाला आणि देशाचा सुमारे ६० टक्के पुरवठा अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेल्लारीत बाळंतिणींचे मृत्यू झाल्यावर कर्नाटकाने एका पुरवठादाराच्या आरएलचा वापर थांबवला. एकाच कंपनीवर असलात तर असा एक आदेश कपाट रिकामे करतो.

दुसरी कंपनी आली की लेबल बदलते, आणि चुका तिथेच होतात. एनएस, डीएनएस आणि ३ टक्के सलाईन शेजारी ठेवू नका. ३ टक्केवाले वॉर्डात नकोच. स्टराइल वॉटरची मोठी बाटली शिरेतून लावली तर रक्तपेशी फुटतात. ती ओटीबाहेर येता कामा नये. बाटली लावण्याआधी उजेडात धरून कण किंवा गढूळपणा आहे का पाहा, दाबून गळते का पाहा, बॅच नंबर केसपेपरवर लिहा. थंडी वाजून ताप आला तर द्रव थांबवा, सेट बाटलीसकट बदला, काढलेली बाटली सेटसह बंद पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा, त्या बॅचच्या बाकी बाटल्या बाजूला काढा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. औषध दुष्परिणाम कळवायचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

दवाखान्यात मीठ-पाणी उकळून बाटली भरायचा विचार कोणाच्या मनात आला तर तिथेच मोडा. उकळून जंतू मरतात, त्यांची विषे उरतात. ऑटोक्लेव्हनेही ती जात नाहीत, आणि शिरेत गेली की रक्तदाब कोसळतो.

साठा पहिल्या मजल्यावर, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, ३० अंशांच्या आत. थर फार उंच रचू नका, खालच्या बाटल्या दबून झिरपतात. पुराचे पाणी लागलेले खोके सीलबंद दिसले तरी वापरायचे नाही. बाटली पुसून स्वच्छ होते, बुचाच्या खाचेत शिरलेले पाणी निघत नाही.